मालवण : बंदर आणि रापणीचा दोर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माणसाने समुद्रकाठच्या एका बंदरावर बोलावे, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. आपली गोदावरी त्र्यंबकला उगवते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि साऱ्या दख्खनला वळसा घालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. आपणही तसेच. सुके बोंबील आणि सुकट बाजाराच्या दिवशी घ्यायची, एवढाच आपला समुद्राशी संबंध. तथापि कामगार चळवळीत काम करताना एक प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे घोळत राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी मालवणला पोहोचलो.

प्रश्न असा. कारखान्याला फाटक असते. मालक कोण ते ठाऊक असते, हजेरीपट असतो, पगाराची तारीख असते. भांडण झालेच तर फाटकावर उभे राहता येते. समुद्राला फाटक नाही. तिथे जमीन कोणाची नाही, माल कोणी पिकवलेला नाही आणि किती माल निघेल ते सकाळी कोणी सांगू शकत नाही. अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या माणसांनी कामाचे आणि वाटणीचे नियम कसे ठरवले? ते मोडले कोणी, आणि मोडल्यावर त्यांनी काय केले? बंदराचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ल्यापाशी सुरुवात करतात आणि किल्ल्यापाशीच थांबतात. आपणही किल्ल्यापासून सुरुवात करू, पण तिथे मुक्काम करायचा नाही.

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १ मे १९८१ पर्यंत हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. लवण म्हणजे मीठ. मिठागरांवरून मालवण हे नाव पडले असे लोक सांगतात. गावासमोरचा समुद्र दिसायला शांत, पण पाण्याखाली खडकांची रांगच्या रांग पसरलेली आहे. वाट ठाऊक असलेला तांडेलच होडी आत घेऊ शकतो. या खडकांनी मालवणवर दोन परिणाम केले. मोठी जहाजे काठाला लागू शकली नाहीत, म्हणून मालवणची मुंबई झाली नाही. आणि शत्रूची जहाजेही सहजासहजी जवळ आली नाहीत, म्हणूनच शिवाजी महाराजांना ही जागा पसंत पडली.

समोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. बेट सुमारे ४८ एकरांचे, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. भरतीचे पाणी रोज दोनदा येऊन पायावर आपटणार, हे ओळखून तटाच्या पायात शिसे ओतले गेले. साडेतीनशे वर्षांवर लोटली, तट उभा आहे. चारी बाजूंना खारे पाणी, आणि बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यात महाराजांचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधले. काठावर राजकोट, कोळंब खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट आणि जवळच पद्मगड अशी राखण केलेली. या किल्ल्याचा विचार करताना मला नेहमी पाथरवट, लोहार आणि चुना मळणारे डोळ्यांपुढे येतात. त्यांची नावे कुठे नाहीत, पण त्यांचे काम बोलते. याच राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांचा एक पुतळा उभारला गेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही धड गेले नाहीत. पुढे तिथे नवा पुतळा झाला. समोर तो जुना तट दिसत असताना हे घडावे, यावर मी जास्त काही बोलत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. मराठेशाहीच्या वाटण्यांत किल्ला आणि बंदर कोल्हापूरकर छत्रपतींकडे गेले. कोल्हापूरच्या आरमाराचे दस्तक न घेता जाणारी जहाजे अडवली जात. इंग्रजांनी या दर्यावर्दींना सरसकट चाचे म्हटले. समुद्रात तोच धंदा ज्याच्याकडे जास्त तोफा आहेत त्याने केला तर त्याला आरमार म्हणतात, हा त्या काळचा न्याय! १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. पुढच्याच वर्षी पैसे घेऊन तो परत केला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरकरांच्या हातून कायमचे इंग्रजांकडे गेले. आरमार संपले. त्या आरमारावर वल्ही मारणारे गाबीत, भंडारी आणि दालदी मात्र तिथेच राहिले. त्यांना तहनाम्यात जागा नव्हती. त्यांनी जाळी उचलली, माड चढले, नाही तर मुंबईची वाट धरली.

ही मुंबईची वाट समजल्याशिवाय मालवण समजत नाही. पश्चिम किनाऱ्यावरून आगबोटी जात. मालवणला आगबोट खडकांपलीकडे खोल पाण्यात नांगर टाकी. उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात आणि हेलकावणाऱ्या पडावातून शिडीवर पाऊल टाकीत. पावसाळ्यात हा मार्ग बंद. गिरणगावात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले कामगार मोठ्या संख्येने होते आणि त्यांत मालवण तालुक्याचा वाटा लहान नव्हता. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर करायची. त्या मनीऑर्डरीवर इकडची चूल पेटे, होडीची डागडुजी होई, गणपती येई. ‘चाकरमानी’ हा शब्द त्या जगण्यातून आला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. तो मुंबईचा संप म्हणून आपण वाचतो. पण त्याची झळ चारशे-पाचशे किलोमीटरवरच्या वाड्यांना लागली, कारण तिथे मनीऑर्डर येईनाशी झाली. परत गेलेल्यांपैकी ज्यांना दुसरे काही नव्हते त्यांच्यापुढे समुद्र होता. तो समुद्र तरी त्यांच्यासाठी जागा राखून होता का, ते आता पाहू.

मालवणच्या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी म्हणजे रापण. हा शब्द आपल्याकडे फारसा ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रापण हे लांबच लांब जाळे. त्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवायचे. बाकीचे जाळे होडीत घालून समुद्रात अर्धवर्तुळ काढीत सोडीत जायचे आणि दुसरे टोक दूरवर पुन्हा किनाऱ्याला आणायचे. मग दोन्ही टोकांचे दोर धरून दोन फळ्या उभ्या राहतात आणि ओढायला लागतात. एकेका फळीत वीस-पंचवीस माणसे. पाय वाळूत रुतवायचे, अंग मागे झोकायचे आणि एका तालात दोर खेचायचा. हळूहळू दोन्ही फळ्या एकमेकींच्या जवळ येतात, अर्धवर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी जाळ्याचा मधला झोळ वाळूवर येतो. त्यात बांगडे, तारल्या, पेडवे फडफडत असतात. कधी झोळ इतका जड होतो की तो ओढवत नाही, आणि कधी चार खेकडे आणि शेवाळ घेऊन माणसे घरी जातात.

हे काम एकट्याचे नाही आणि दोन-चार जणांचेही नाही. पाण्याचा रंग कुठे बदलला, पक्षी कुठे घिरट्या घालताहेत हे पाहून मासळीचा थवा ओळखणारा जाणता माणूस लागतो. होडी हाकणारे लागतात. जाळी विणणारे व सांधणारे लागतात. आणि ओढणारे तर पुष्कळच. म्हणून रापण संघाची असते. निघालेल्या मासळीचे वाटे पडतात : होडीचा, जाळ्याचा आणि अंगमेहनतीचा. आमच्या भाषेत बोलायचे तर भांडवलाचा हिस्सा आणि श्रमाचा हिस्सा दोन्ही वाळूवर, सगळ्यांच्या देखत, त्याच दिवशी ठरतात. संघाबाहेरचा एखादा म्हातारा, शाळेतून आलेला पोर किंवा नवरा गेलेली बाई येऊन दोराला हात लावते. तिलाही ओंजळभर मासळी मिळते. ते उपकार म्हणून देत नाहीत, हात लावला म्हणून देतात. बाकीची मासळी तिथेच लिलावात जाते, आणि पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघतात त्या बाया. पुरुषाने मासळी काढायची आणि बाईने तिचे पैसे करायचे. घरचा हिशेब बहुधा तिच्याच कनवटीला.

हे चित्र मी सोन्याने मढवून सांगत आहे असे कोणी समजू नये. व्यापाऱ्याची उचल घेतलेला मच्छीमार त्या व्यापाऱ्यालाच मासळी घालायला बांधलेला असतो. ऊसतोड कामगाराची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. कोणी किती वाटा घ्यावा यावरून भांडणेही होतात. परंतु भांडण कशावरून आहे ते सगळ्यांना कळते आणि ते मिटवायला माणसे बसतात, एवढा फरक आहे.

समुद्रावर जगणाऱ्यांनी आपला कायदा आपणच करण्याची गोष्ट जगात नवी नाही. स्पेनच्या उत्तरेला, बिस्केच्या उपसागराच्या काठी बास्क लोकांचा मुलूख आहे. त्यांची भाषा जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषेची बहीण लागत नाही. तिथे लेकैतियो नावाचे एक लहानसे बंदर आहे. मालवणसारखेच : समोर बेट, मागे डोंगर, शेतीला जमीन थोडी. मध्ययुगात तिथले कोळी हिवाळ्यात किनाऱ्याजवळ येणाऱ्या देवमाशांची शिकार करीत. उंचावर राखण्या बसे, देवमासा दिसला की इशारा होई आणि होड्या सुटत. गावाच्या मुद्रेवरसुद्धा देवमासाच आहे. या मच्छीमारांची एक मंडळी होती, आपल्या रापण संघाची थोरली बहीण म्हणा. ११ सप्टेंबर १३८१ च्या तिच्या कागदात असे नोंदले आहे की, मारलेल्या देवमाशाच्या तोंडातल्या चिवट पट्ट्यांचे, ज्यांना बाजारात मोठी किंमत येई त्यांचे, तीन वाटे करावेत. दोन वाटे होड्यांच्या धक्क्याच्या दुरुस्तीला आणि एक वाटा देवळाच्या बांधकामाला. सिंधुदुर्गाचा पहिला दगड पडण्याच्या २८३ वर्षे आधीची ही गोष्ट. समाईक कमाईतून समाईक धक्क्यासाठी आधी काढून ठेवायचे, हे त्या अडाणी समजल्या गेलेल्या लोकांना उमगले होते. आपल्याकडच्या पुष्कळ सहकारी संस्थांना अजून उमगायचे आहे, पण तो विषय वेगळा.

याच बास्क लोकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या उपसागरातले देवमासे कमी झाले तेव्हा ते थांबले नाहीत. सोळाव्या शतकात अटलांटिक ओलांडून ते थेट कॅनडाच्या किनाऱ्यावर शिकारीला गेले. घरच्या समुद्रातला त्या जातीचा शेवटचा देवमासा १९०१ मध्ये ओरियो गावाच्या लोकांनी मारला. त्यानंतर मारायला उरला नव्हता. वाटणीचे नियम उत्तम, पण किती मारायचे याचा नियम नव्हता.

आता मालवणकडे परत येऊ, कारण किती मारायचे हाच प्रश्न तिथे दुसऱ्या रूपाने उभा राहिला. रापणीला मासळीची वाट पाहावी लागते. मासळी किनाऱ्याजवळ आली तरच जाळे सोडायचे. यंत्राच्या बोटीला वाट पाहण्याची गरज नाही. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढतो. अंडी, पिले, मोठी मासळी सगळे एकत्र वर येते. पर्ससीन जाळ्याची तऱ्हा वेगळी. बटवा आठवा. बटव्याच्या तोंडाशी दोरी असते, ती खेचली की तोंड मिटते. पर्ससीनची बोट मासळीच्या थव्याभोवती उंच पडद्यासारखे जाळे सोडते. खालच्या काठाला कड्या आणि कड्यांतून दोरी ओवलेली. ती दोरी यंत्राने खेचली की तळ मिटतो आणि अख्खा थवा बटव्यात. रापणीचे आठवड्याचे काम एका वेढ्यात होते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे रात्री बोटीवर जनित्र लावून एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यावर सोडायचे. दिव्याला मासळी भुलते, जमा होते, आणि मग जाळे. बांगडा आणि तारली थव्याने फिरणारी मासळी, म्हणून तिच्यावर हा घाला जास्त. बाहेर थवा उचलला गेला की किनाऱ्यावरचे चाळीस-पन्नास लोक दोर धरून रिकामे जाळे ओढतात.

याचा परिणाम काय होतो हे आधी कर्नाटकात दिसले. तिथे १९७० नंतरच्या दशकाच्या मध्याला पर्ससीन आले आणि थोड्याच वर्षांत तिथल्या रांपणी मंडळ्या मोडून गेल्या. गोव्यात मात्र रापणकार उभे राहिले. मातान्ही साल्ढाणा हे शाळामास्तर त्यांचे पुढारी. १९७८ मध्ये निरनिराळ्या राज्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांनी मिळून देशपातळीवर संघटना केली. त्यांची मागणी साधी होती : किनाऱ्याजवळचे पाणी लहान होड्यांसाठी राखा आणि यंत्रांना बाहेर पाठवा. दडपण वाढले तेव्हा केंद्र सरकारने कायद्याचा एक नमुना तयार केला, आणि त्यावरून गोव्यात व केरळात १९८० मध्ये आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यात कोणी, कुठे, कोणत्या जाळ्याने मासे मारावेत हे ठरवायचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळाला. कारखाना कायदा जसा आंदोलनातून आला तसाच हाही आला. ज्यांना तो वरून पडलेला वाटतो त्यांनी तारखांचा क्रम पाहावा.

कायदा झाला तरी मालवणचा प्रश्न मिटला नाही. कर्नाटकातल्या मलपीकडचे वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गच्या पाण्यात शिरत राहिले. आपल्याकडेही पर्ससीनचे परवाने वाढत गेले, आणि परवान्याविना चालणाऱ्यांची गोष्ट निराळीच. बंदरात मोर्चे निघाले, समुद्रात पाठलाग झाले, मारामाऱ्या झाल्या, खटले उभे राहिले. सरकारने सोमवंशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या पाण्यात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठरला, नवे परवाने थांबले आणि जुन्यांची संख्या उतरवत नेण्याचे ठरले. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, केंद्राने बाहेरच्या समुद्रातही एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंडाच्या रकमा लाखांत नेल्या.

इथे माझ्यातला संघटक मला एक गोष्ट विसरू देत नाही. पर्ससीनच्या बोटीवर पंचवीस-तीस खलाशी असतात. रत्नागिरीकडच्या बोटींवर तर पुष्कळ खलाशी नेपाळातून आलेले. त्यांना हंगामाची उचल मिळालेली असते, भाषा येत नसते, आणि पोलिसांनी बोट पकडली की पहिल्यांदा चौकीवर बसतात ते. मालक किनाऱ्यावर असतो. तेव्हा मालवणच्या पाण्यात रापणकर आणि पर्ससीनवाले भिडतात असे आपण वाचतो, तेव्हा बहुधा एका बाजूला गरीब मच्छीमार आणि दुसऱ्या बाजूलाही गरीब खलाशीच असतो. आमच्या वसाहतीत कायम आणि कंत्राटी कामगारांना असेच एकमेकांसमोर उभे राहिलेले मी पाहिले आहे. म्हणून मी पर्ससीनच्या विरोधात असलो तरी खलाशाला शत्रू म्हणायला तयार नाही.

शिवाय जाळे हेच मूळ पाप, असेही म्हणता येत नाही. याला पुन्हा बास्कांचाच दाखला. त्यांच्या उपसागरात आपल्या मांदेलीच्या गोतातली एक बारीक मासळी मिळते. बास्क मच्छीमार ती पिढ्यान् पिढ्या वेढ्याच्याच जाळ्याने, म्हणजे पर्ससीनच्या भावकीतल्या जाळ्याने धरतात. त्यांचे भांडण झाले ते फ्रेंच ट्रॉलरांशी, कारण ते पाण्यातून मोठाली जाळी ओढीत सगळेच उचलीत. तिथे वेढ्याचे जाळे टाकणाराच ‘पारंपरिक’ ठरला. मासळी इतकी घटली की युरोपीय संघाने २००५ मध्ये ती धरायलाच बंदी केली, आणि मधली थोडी उघडझाप सोडली तर २०१० पर्यंत ती चालली. बास्क मच्छीमारांनी स्वतःच बंदी मागितली होती. घरी बसण्याची किंमत त्यांना चुकवावी लागली, पण मासळी परत आली. जाळे किती मोठे, बोटी किती, पाणी कुठले आणि महिने कोणते, हे चारही एकत्र पाहिल्याशिवाय कोणत्या जाळ्याला दोष द्यायचा ते ठरत नाही. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर यंत्राच्या बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती याच विचाराने : पावसाळा हा पुष्कळ मासळीच्या विणीचा काळ. पूर्वी हे काम नारळी पौर्णिमा करीत होती.

नारळी पौर्णिमेला मालवणचा बंदर पाहावा. किल्ल्यावरून आणि गावातून वाजतगाजत नारळ येतो, समुद्राला अर्पण होतो आणि मग होड्या पाण्यात लोटायच्या. व्यापारी, मच्छीमार, सरकारी अंमलदार सगळे धक्क्यावर. नारळ लढवण्याचा खेळ चालतो : दोघांनी आपापले नारळ एकमेकांवर आपटायचे, ज्याचा फुटला तो हरला, फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. बायकांच्याही लढती होतात आणि तिथे जो आवाज उठतो तो आमच्या द्वारसभेलाही लाजवील. मालवणी माणूस बोलायला तिखट. समोरच्याची टर उडवताना तो स्वतःलाही सोडत नाही. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवले, आणि ज्या बोलीला मुंबईत लोक हसत त्या बोलीत लोकांना हसवून पैसे मिळवता येतात हे सिद्ध झाले. दशावतारी नाटकाच्या रात्री, दिवाळी पाडव्याला निघणारी रामेश्वर-नारायणाची पालखी, मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा : चाकरमानी कुठेही असला तरी यांतल्या एका दिवशी तो गावात असतोच.

आता धक्क्यावर मच्छीमारांपेक्षा पर्यटकांची गर्दी जास्त दिसते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. कुडाळला उतरायचे आणि तासाभरात मालवण. किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या, पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ दाखवणारे तरुण, घरच्या खोल्या भाड्याने देणाऱ्या बाया, यांनी पुष्कळ घरे सावरली. हे प्रवाळ आहेत म्हणूनच १९८७ मध्ये मालवणजवळचा २९.१२ चौरस किलोमीटरचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांचा त्याला विरोध झाला. समुद्र वाचवायला ते नाखूष होते असे मात्र नव्हे; किनाऱ्याजवळचे पाणी राखा अशी मागणी तर त्यांचीच होती. पण त्यांच्याच पाण्यावर, त्यांना न विचारता, त्यांच्याच होडीला मनाई करणारी पाटी लागेल ही धास्ती होती. विचारून केलेला नियम आणि न विचारता केलेला नियम कागदावर सारखेच दिसतात. लेकैतियोच्या मंडळीचा ठराव चालला, तो ठराव करणाऱ्यांच्याच हातात दोर होता म्हणून, असे माझे मत आहे.

जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर बेकायदा बोटींवर नजर ठेवायला ड्रोन आले. मालवणच्या मच्छीमारांनी गस्तीची मागणी वर्षानुवर्षे केली होती. एक भाड्याची बोट साऱ्या किनाऱ्याला कशी पुरणार, असे ते विचारीत. तेव्हा ड्रोनचे स्वागत झाले ते योग्यच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. म्हणजे वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलतींची वाट मच्छीमाराला मोकळी झाली. आपण नाशिककर शेती जाणतो. द्राक्षबागेची नुकसानभरपाई सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला मिळते. बागेत छाटणी करणाऱ्या मजुराला गारपिटीनंतर काम तेवढे मिळेनासे होते. समुद्राला सातबारा नाही. बोटीची नोंद असते आणि ती मालकाच्या नावे. मग या नव्या दर्जात मच्छीमार म्हणून नोंद कोणाची व्हायची : बोटीच्या मालकाची, रापणीचा दोर ओढणाऱ्या पन्नास जणांची, पर्ससीनवरच्या नेपाळी खलाशाची, की पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईची? मालवणच्या श्रमिकांच्या संघटनांपुढे आज हा कागदाचा प्रश्न आहे.